कमानीनं पूज्य खाल्लं

एकदा काय झालं, एका माळावर एक कमान उभी होती. नुसती कमान, बरं का! तिला ना भिंत, ना दार, ना आत घर. चारी बाजूंना मोकळा माळ आणि मधे ही दगडी कमान. लोक तिच्या शेजारून जायचे, पण खालून कुणी जायचं नाही. का? तर आमचे आजोबा जात नव्हते म्हणून. आजोबा का जात नव्हते? तर त्यांचे आजोबा जात नव्हते म्हणून! झालं.

कमानीच्या डोक्यावर दगडाचं एक तोंड कोरलेलं होतं. देवळाच्या दारावर असतं ना, मोठ्या डोळ्यांचं, सुळे बाहेर आलेलं, धड नसलेलं? तसलंच. त्याला म्हणतात कीर्तिमुख. पण ह्या कीर्तिमुखाचे डोळे मिटलेले होते, आणि सगळ्या कमानीवर घाणेरीची झुडपं चढली होती.

तिथला राजा होता गिरजोजी. मनानं फार चांगला. पण त्याला एक खोड होती. सगळं त्याला पुष्कळ हवं असे. एक आंबा दिला की म्हणे, पाटी का नाही? पाटी दिली की म्हणे, गाडी का नाही? राणी हसायची आणि म्हणायची, "अहो, पोट तर एकच आहे ना?"

राजाला एक थोरली बहीण होती, भिवरा. लग्नानंतर थोड्याच दिवसांत बिचारीचा नवरा गेला आणि ती माहेरी आली ती इथलीच झाली. राजा तिला अक्का म्हणे. बाकी सगळं गाव तिला आत्याबाई म्हणे, कारण राजाची लेक शेवंता तिला आत्या म्हणे. शेवंता एवढीशी होती, तुमच्यापैकी सगळ्यांत धाकटं आहे ना, तेवढी. आत्याबाईशिवाय तिचं पान हलायचं नाही.

आत्याबाई तिला चिंचोक्यांवर हिशेब शिकवायची. पाच चिंचोके मांडायची आणि पाचही उचलून घ्यायची.

"सांग बाळा, उरले किती?"

"पूज्य!" शेवंता ओरडायची आणि दोन्ही हात झटकून दाखवायची.

पूज्य म्हणजे शून्य, बरं का. जुनी माणसं शून्याला पूज्य म्हणायची. शेवंताला सगळ्या आकड्यांत पूज्य फार आवडायचं. का ते तिलाच ठाऊक.

मग एकदा राजाच्या मनात आलं, माळ साफ करावा आणि गुरांना कुरण करावं. माणसं लागली कामाला. घाणेरी तोडली, कमान मोकळी झाली. राजा बघायला आला. बरोबर आत्याबाई होती, आणि मागून एक गडी डोक्यावर पेरूंची पाटी घेऊन येत होता. गड्याला काय ठाऊक? तो चालला सरळ कमानीखालून.

आणि कीर्तिमुखानं एक डोळा उघडला!

मग दुसरा उघडला.

मग जातं फिरावं तसा घरघर आवाज आला, "भूक लागलीय. आकडा दे."

गड्यानं पाटी टाकली आणि जी धूम ठोकली, ती घरी जाऊन गोधडीत शिरेपर्यंत थांबला नाही. राजाची बोबडीच वळली. काही तरी बोलायला हवं म्हणून त्याच्या तोंडून निघालं, "ती… ती… तीन!"

कीर्तिमुखानं तोंड हलवलं. कटाकटा चावलं. गटकन गिळलं. आणि कमानीखाली बघतात तर काय? एका पाटीच्या तीन पाट्या!

आत्याबाई जवळ गेली. तिनं पेरू मोजले. आधी होते सात. आता प्रत्येक पाटीत सात. सात त्रिक एकवीस. एका पेरूला पोपटानं चोच मारली होती, तर तसलाच पेरू तिन्ही पाट्यांत होता. तीच चोच, तिथंच, तेवढीच! आत्याबाईचं बोट तोंडात गेलं ते तिथंच राहिलं.

राजा मात्र आनंदानं नाचायला लागला. दुसऱ्या दिवशी त्यानं पाच गाई कमानीखाली उभ्या केल्या आणि म्हणाला, "चार!" कीर्तिमुखानं चार गिळले. पाच चोक वीस. वीस गाई हंबरायला लागल्या. त्यांतली एक शिंगमोडकी होती, तर शिंगमोडक्या गाई झाल्या चार. चौघी एकमेकींकडे बघतात आणि बुजतात! मग राजानं जोंधळ्याचं पोतं ठेवलं आणि म्हणाला, "शंभर!" शंभर पोती एकावर एक अशी आदळली की माळ हादरला. गावात कुणाकडे दाणा कमी राहिला नाही. लोक म्हणाले, देव पावला.

आत्याबाईला वाटलं, आपणही बघावं. तिनं एक पेरू ठेवला आणि म्हणाली, "एक."

कीर्तिमुखानं गिळलं. पेरू होता तसाच राहिला. कीर्तिमुख म्हणालं, "हा आकडा खाल्ला तरी खाल्ल्यासारखा वाटत नाही, बाई."

असे दिवस गेले. रोज राजा यायचा, रोज आकडा द्यायचा. एक दिवस कीर्तिमुखानं तोंड वाकडं केलं.

"कंटाळा आला तुझ्या आकड्यांचा. मी कधी खाल्ला नाही असा आकडा दे. नाही तर चाललो मी झोपायला."

त्या दिवशी राजानं आपला हत्ती आणला होता, त्याला चारायला पेरूंची पाटी आणली होती, आणि अक्का व शेवंताही बरोबर होत्या. एकुलता एक हत्ती होता त्याच्याकडे. त्याला हवा होता हत्तींचा कळप. तो हात जोडून म्हणाला, "लक्ष घे."

"खाल्लाय."

"कोटी घे. अब्ज घे. खर्व, निखर्व, महापद्म घे."

"खाल्लेत."

"शंकू? जलधी? अंत्य? मध्य? परार्ध?"

"ते तर लहानपणी खाल्ले," कीर्तिमुख म्हणालं आणि जांभई दिली. त्याचे डोळे मिटायला लागले.

परार्धाच्या पुढं राजाला काही येत नव्हतं. त्यानं अक्काकडे पाहिलं. अक्का हत्तीकडे बघत होती. आणि ह्या सगळ्या गडबडीत शेवंता कधी आत्याचा हात सोडून गेली ते कुणालाच कळलं नाही. ती कमानीखाली उभी राहून वर बघत होती.

"अरे," ती कीर्तिमुखाला म्हणाली, "तू पूज्य खाल्लंयस का?"

कीर्तिमुखाचे डोळे टक्क उघडले. "पूज्य? नाही बुवा. हे काय असतं?"

"शेवंता!" आत्याबाई किंचाळली. "बाहेर ये!"

पण कीर्तिमुखानं पूज्य गिळलं होतं.

आणि कमानीखाली कुणी नव्हतं.

आवाज नाही, धूर नाही, काही नाही. शेवंता होती आणि शेवंता नव्हती. धुळीत तिच्या पावलांचे ठसे होते, तेसुद्धा डोळ्यांदेखत पुसले गेले. आत्याबाईच्या पायाखालची जमीन सरकली.  हत्ती दोन पावलं मागं सरकला.

मग राजा भानावर आला. तो कमानीसमोर जाऊन ओरडला, "माझी लेक परत दे! एक! एक घे आणि एक दे!"

पूज्यानं कीर्तिमुखाच्या जिभेला चव आली होती. त्यानं एक गिळला. कमानीखाली काही आलं नाही.

"शंभर!"

शंभर गिळले. काही नाही.

राजाचे डोळे पांढरे झाले. तो छाती फुटेल असा ओरडला, "परार्ध!"

कीर्तिमुखानं परार्ध चावला, किती तरी वेळ चावला आणि गिळला. कमानीखाली नुसता वारा.

"राजा," ते म्हणालं, "आकडा मोठा आहे तुझा. पण खाली काही असेल तर मी त्याच्या पटी करणार ना? एकाचे परार्ध करीन. पूज्याचे परार्ध केले तरी पूज्यच!"

राजा मटकन खाली बसला. ज्याला सगळं पुष्कळ हवं असायचं, त्याच्या हातात सगळ्यांत मोठा आकडा होता आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मग तो उठला आणि गड्यांना हाक मारायला लागला, "पहारी आणा! फोडा ही कमान!"

"थांब, गिरजू!" आत्याबाई म्हणाली. "कमान फोडलीस तर ती कुठून परत येणार? ती जागा तरी राहू दे."

राजा म्हणाला, "अक्का, तिच्या आईला मी काय सांगू?"

 आत्याबाईच्या मनात एकच टोचत होतं. पूज्य म्हणायला आपणच शिकवलं. हात झटकायला आपणच शिकवलं.

मग काय झालं, साफसफाईच्या माणसांचं एक खुरपं तिथं पडलं होतं. आत्याबाईनं ते उचललं आणि शेवंता जिथं उभी होती तिथं ती उकरायला लागली. वेड्यासारखी उकरायला लागली. तिला वाटलं, पोर जमिनीत गेली असेल. माती काढायची आणि शेजारी टाकायची. काढायची आणि टाकायची. नखं भरली, पदर मातीत लोळला.

"बाई, काय करतेस?" कीर्तिमुखानं विचारलं.

"पोर शोधतेय."

"खाली नाही ती."

"मग कुठं आहे?"

"कुठंच नाही. ती सपाट झाली."

आत्याबाईचा हात थांबला. तिनं समोर पाहिलं. एका बाजूला मातीचा ढीग होता. एका बाजूला खड्डा होता. ढीग एक पाटीभर, खड्डाही एक पाटीभर. मघाशी इथं ना ढीग होता, ना खड्डा. मघाशी इथं सपाट जमीन होती.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

तिनं हातानं सगळी माती खड्ड्यात लोटली. ढीग गेला, खड्डा गेला. जमीन सपाट झाली. तिनं पुन्हा उकरलं. ढीग आला, खड्डा आला.

"गिरजू!" ती ओरडली. "अरे, सपाट म्हणजे काहीच नाही असं नव्हे! सपाटात ढीगही असतो आणि खड्डाही असतो! दोघं एकमेकांच्या पोटात झोपलेले असतात!"

राजाला वाटलं, अक्काचं डोकं फिरलं. पण ती उठली आणि पाटीतला एक पेरू घेऊन आली. पेरू तिनं कमानीखाली ठेवला आणि कीर्तिमुखाकडे बघून म्हणाली, "ढीग झाला एक. मग खड्डा किती? एक पाटी उणा. घे, उणे एक!"

आता काय झालं माहीत आहे का? कीर्तिमुखच दचकलं! त्याचे दगडी डोळे गरगर फिरले.

"उणे… काय म्हणालीस?"

"उणे एक. पूज्याच्याही खालचा आहे."

"पूज्याच्या खालीही आकडे आहेत?"

"वर जेवढे आहेत, तेवढेच खाली."

कीर्तिमुखानं भीत भीत तोंड उघडलं आणि उणे एक गिळला. आणि पेरू उलटला! म्हणजे कसा? पेरूच्या जागी पेरूएवढी पोकळी झाली. काळीकुट्ट, गोल, देठासकट. पेरूच्या आकाराचा खड्डाच जसा हवेत पडला होता. राजानं धीर करून बोट घातलं आणि झटक्यानं मागं घेतलं. आत विहिरीच्या तळासारखं गार होतं.

त्या धांदलीत राजाच्या पायाचा धक्का पाटीला लागला. पाटीतला एक पेरू घरंगळत गेला आणि त्या काळ्या पेरूला जाऊन टेकला. टप्! दोन्ही नाहीसे! ना पेरू, ना पोकळी. सपाट!

राजा म्हणाला, "अरे देवा!"

आत्याबाई पाटीकडे वळली. तिनं आणखी एक पेरू ठेवला आणि उणे एक दिला. पेरूची पोकळी झाली. मग त्या पोकळीलाच तिनं पुन्हा उणे एक दिला.  उलटलेलं पुन्हा उलटलं तर काय होणार? गोधडी उलटी केली आणि पुन्हा उलटी केली तर काय होतं, सांगा बरं? सुलटी होते ना! तसंच झालं. पोकळी भरून आली आणि पेरू झाला. खरा पेरू. आत्याबाईनं चावून पाहिला. गोड लागला.

मग ती कमानीखाली जाऊन उभी राहिली. तिनं कीर्तिमुखाला विचारलं, "माझी पोर ह्या सपाटातून तू काढून देशील का?"

"नाही, बाई. मला फक्त पटी करता येतात. मिळवणं आणि वेगळं काढणं मला येत नाही. ते माणसांचं काम."

"मग मीच काढते."

तिनं दोन्ही हात पुढं केले. पाळण्यातलं झोपलेलं मूल उचलताना करतो ना, तसे. आणि रोज हाक मारायची तशी हाक मारली, "शेवंते, ऊठ गं. चल, जेवायला चल."

काही झालं नाही. तिनं पुन्हा हाक मारली. काही झालं नाही. मग तिसऱ्यांदा तिनं हाक मारली, तेव्हा तिचा आवाज फुटला आणि डोळ्यांतून पाणी आलं. आणि तिच्या तळहाताला काही तरी लागलं. इवलीशी बोटं!

आत्याबाईनं ती घट्ट धरली आणि ओढायला लागली. बापरे, काय ते वजन! भरलेली मोट हातानं ओढावी तसं. राजा धावला, त्यानं बहिणीची कंबर धरली. दोघं ओढतायत, ओढतायत. आधी हात आला. मग वेणी आली. मग नाक आलं, गाल आले आणि सगळी शेवंता धपकन आत्याच्या मांडीत पडली.

"आत्या," ती म्हणाली, "भूक लागली."

राजा रडायला लागला. आत्याबाईनं तिला छातीशी धरलं आणि तिचे मुके घेतले. पण घेता घेता तिची नजर वर गेली आणि तिच्या काळजाचं पाणी झालं.

कमानीखाली अजून कुणी तरी उभं होतं.

शेवंताएवढं. शेवंतासारखं. तीच वेणी, तोच परकर, तीच हनुवटी. पण आत काही नव्हतं. नुसती काळी गार पोकळी, पोरीच्या आकाराची. ढीग काढला की खड्डा पडणारच ना? शेवंता काढली तेव्हा शेवंताएवढा खड्डा पडला होता. ती होती उणी शेवंता.

तिनं हात पसरले आणि ती शेवंताकडे चालत यायला लागली.

आता सांगा, ती शेवंताला टेकली असती तर? टप्! पुन्हा सपाट! दोघीही गेल्या असत्या!

राजानं तलवार उपसली आणि वार केला. तलवार पोकळीत गेली ती मुठीपर्यंत नाहीशी झाली. त्याच्या हातात नुसती मूठ राहिली. उणी शेवंता थांबली नाही. आत्याबाई शेवंताला कडेवर घेऊन मागं पळाली. ती पुढं आली. आत्याबाई हत्तीच्या आड गेली. ती हत्तीला वळसा घालून आली. हत्ती बिचारा एवढा मोठा, पण डोळे मिटून उभा राहिला.

"अक्का!" राजा ओरडला. "मला सुचलं! तिला कमानीखाली ढकलू आणि पूज्य देऊ. ती नाहीशी होईल. आपली शेवंता आपल्याकडे राहील. मिटलं!"

आणि खरंच मिटलं असतं, बरं का. राजाचं गणित बरोबर होतं. आत्याबाईलाही ते कळलं. तिनं तोंडही उघडलं होतं पूज्य म्हणायला.

तेवढ्यात उणी शेवंता दगडाला अडखळली आणि पडली. पडली तशी ती रडायला लागली. तिच्या रडण्याला आवाज नव्हता. उलट आजूबाजूचे आवाज तिच्यात ओढले जात होते. वाऱ्याचा आवाज गेला, पाखरांचा गेला. माळ गप्प गप्प होत गेला. आणि ती एका हातानं डोळे पुसत होती, दुसरा हात वर करून. मला घे, म्हणून.

शेवंता पडली की असाच हात वर करायची.

आत्याबाई थबकली. हे पोर वाईट नव्हतं. ते कुणाला खायला आलं नव्हतं. ते एकटं होतं आणि त्याला गार वाटत होतं. एवढंच.

"गिरजू," ती म्हणाली, "शेवंताला घे आणि तिला लांब नीट धरून ठेव. पूज्य नाही द्यायचं. एकदा दिलं तेवढं पुरे झालं. हीसुद्धा आपल्याच घरची आहे."

"अक्का, तिला हात लावू नकोस! तलवारीचं काय झालं, पाहिलंस ना?"

पण आत्याबाई गेलीच. ती खाली बसली आणि तिनं लांबूनच हात पुढं केला, नुसता दाखवला. "ये गं बाळा. इकडं ये. माझ्या मागं मागं ये." ती मागं सरकत गेली, उणी शेवंता रांगत पुढं येत गेली. गारवा आत्याबाईच्या हाडांपर्यंत पोचला. तिची बोटं निळी पडली. पण तिनं हात मागं घेतला नाही. असं करत करत तिनं पोरीला कमानीखाली आणलं आणि स्वतः पलीकडून बाहेर पडली.

"दे रे," ती कीर्तिमुखाला म्हणाली, पण दात वाजत होते म्हणून नीट बोलता येईना. "घे रे. उणे एक!"

कीर्तिमुखानं कुरकुर केली नाही. त्यानं उणे एक जिभेवर घेतला, हळूहळू चघळला आणि गिळला.

उणी शेवंता उलटली. आधी पायाची बोटं भरून आली. मग गुडघे आले, आणि त्यांतल्या एकावर खरचटलेलं होतं. मग पोट, मग मान, मग गाल. मग दोन काळेभोर डोळे उघडले आणि पहिली गोष्ट काय केली असेल त्या पोरीनं?

ती शिंकली!

सगळे आवाज परत आले. वारा आला, पाखरं आली. आणि ते मूल तोंड पसरून असं मोठ्यांदा रडायला लागलं की हत्तीनं कान हलवले. आत्याबाईनं तिला उचलून पदरात घेतलं. ऊन होती ती. अगदी तव्यावरच्या भाकरीसारखी ऊन.

राजा तिच्याकडे बघे, मग हातातल्या शेवंताकडे बघे, मग पुन्हा तिच्याकडे बघे. शेवंतानं मात्र वडिलांच्या हातातून उडी मारली, धावत आली आणि तिला बोट लावून पाहिलं. आत्याबाईनं डोळे गच्च मिटून घेतले.

टप् झालं नाही. दोघी तशाच.

"ही कोण?" शेवंतानं विचारलं.

"तुझी बहीण."

"हिला पेरू देऊ?"

"दे."

त्या पोरीनं आजवर काही खाल्लंच नव्हतं, बरं का. तिनं पेरू चावला आणि तिचे डोळे एवढे मोठे झाले! मग तिनं सगळी पाटी संपवली. देठसुद्धा ठेवला नाही.

कीर्तिमुख हे सगळं बघत होतं. ते म्हणालं, "पोट भरलं आज. वरचं खाल्लं, खालचं खाल्लं, मधलंही खाल्लं." आणि त्यानं डोळे मिटले. नंतर लोकांनी त्याला हाका मारून पाहिल्या, पण ते काही उठलं नाही.

मग राजा, आत्याबाई आणि दोघी मुली हत्तीवर बसून घरी आले. राणी दारातच उभी होती. सकाळी तिनं एक मुलगी पाठवली होती. हत्तीवरून उतरली एक मुलगी. राणीनं तिला जवळ घेतलं. मग उतरली दुसरी मुलगी. राणीनं डोळे चोळले. तिनं पहिलीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, आणि नवऱ्याकडे पाहून कपाळावर हात मारला.

"अहो! आता लेकसुद्धा पुष्कळ करून आणलीत?"

राजानं मान खाली घातली. शेवटी आत्याबाईनंच राणीला सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. ऐकता ऐकता राणीचा चेहरा पांढराफटक पडला. शेवंता नाहीशी झाली तिथवर गोष्ट आली, तेव्हा तर राणी खालीच बसली.  मग तिनं नव्या पोरीला समोर उभं केलं, तिचा खरचटलेला गुडघा पाहिला आणि त्यावर हळद लावली. पोर "स्स्स, आई!" म्हणाली. बस. राणीनं तिला जी पोटाशी धरली, ती तिच्या कुशीतच झोपून गेली.

तिचं नाव ठेवलं जुई. शेवंता उजव्या हाताची, तर जुई डावखुरी. शेवंता कडेवर घे म्हणायची, तर जुई पाठुंगळी घे म्हणायची. भांडायच्या, पण एकमेकींना सोडून राहायच्या नाहीत. आणि जुईला लागायची खूप भूक, म्हणून तिच्या पानात नेहमी थोडं जास्त वाढायचे. राजानं आपल्या जास्तीच्या गाई गावात वाटून टाकल्या. आत्याबाई म्हातारी झाली, शेवंता-जुईच्या पोटी तिला दोन नाती झाल्या, मग नातू झाले, आणि सगळे सुखानं राहिले.

झालं. आता पांघरूण गळ्यापर्यंत घ्या. मधे कुणी बोलायचं नाही. कूस बदला आणि डोळे मिटा पाहू.